एकाच हातच्या दहा ओळी

नाही, मी नाही लिहिणार. तो कागद लेओमारकडे दे. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं आहे, असू दे, तरी त्यालाच दे. नाही तर असं करा, ज्याचं त्याने लिहा. नळाला पाणी सगळ्यांनाच हवंय ना? मग अर्जावर आपापलं नाव आपापल्या हाताने लिहायला काय होतंय?

भाव खात नाहीये गं, कीकी! हस, हस अजून. तुम्ही दोघं तेव्हा इथे नव्हताच, माराकायला होता कामाला. तुमच्यापर्यंत एवढंच आलं असणार की नोहेलिसने सह्यांचा घोळ घातला म्हणून. हो, घातला मी. पण कसा घातला ते तरी ऐका. बसा खाली. ती माल्टाची बाटली उघड, गरम होतेय.

तर क्रिसांता. माझी मद्रीना, धर्ममाता. बाप्तिस्म्याला मला तिने हातात घेतलं आणि नंतर खाली ठेवलंच नाही, असं आई म्हणते. आता आशीर्वाद मागायची सवय तुम्हाला पण आहे, घराबाहेर पडताना, घरात शिरताना, फोनवर. पण आमच्या दोघींचं जरा जास्तच होतं. ती बसमध्ये असली आणि मी रस्त्यावर, तरी मी तिथून ओरडायची, ‘आशीर्वाद दे, मद्रीना!’ आणि ती खिडकीतून अर्धी बाहेर, ‘देव तुझं भलं करो, पोरी!’ ड्रायव्हर वैतागायचा. एकदा त्याने विचारलंसुद्धा, आजी, आशीर्वाद पुरला का, निघू का आता?

ती सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तेवीस वर्षं. तीनशे पोरांच्या आरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, रोज सकाळी तव्यावर उलटायच्या, हाताने, उलथनं वापरत नव्हती. मी लहान होते तेव्हा आई मला तिच्याकडेच सोडून कामावर जायची आणि ती मला पिठाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसवून कित्ता गिरवायला लावायची. स्वतः तिसरी शिकलेली. एक पान नीट झालं की एक गरम आरेपा, लोणी लावून. अक्षर वाकडं आलं की आरेपा नाही, परत गिरव. माझं अक्षर कुठून आलं विचारता ना नेहमी? तिथून आलं. लोण्याच्या लोभाने.

मग काय, टेकडीवरच्या सगळ्या वस्तीचे अर्ज माझ्याकडे. कुणाची गॅसची तक्रार, कुणाचं लग्नाचं आमंत्रण, दुकानाच्या पाट्या, अर्हेनिसचं प्रेमपत्रसुद्धा. अर्हेनिस आठवतोय ना? माझ्या भावाबरोबर बेसबॉल खेळायचा तो, आता लाल टोपी घालतो, अध्यक्षाच्या पक्षाची. ते प्रेमपत्र मी लिहिलं होतं. मुलगी हो म्हणाली, आणि मग तिला त्याचं खरं अक्षर दिसलं.

बरं, ते जाऊ दे. नोव्हेंबर. अध्यक्षाला परत बोलवायचं, म्हणजे त्याच्यावर पुन्हा मतदान घ्यायचं, त्यासाठी सह्या. चार दिवस. आमच्या टेकडीचं टेबल हार्डवेअरच्या दुकानाच्या छपराखाली. मी पहिल्या दिवशी पहाटे उठून केस धुऊन गेले, लग्नाला निघाल्यासारखी. एकोणीस वर्षांची होते, मला वाटत होतं की देश आज माझ्याच टेबलावरून फिरणार आहे.

फॉर्म असा, एका पानावर दहा ओळी. नाव, ओळखपत्राचा नंबर, जन्मतारीख, मग सही, मग अंगठा. सही आणि अंगठा ज्याचा त्याने करायचा, ते तर कळतच होतं. पण नाव-नंबर कुणी लिहायचं ते आम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. आणि ऊन असं की टेबलावर अंडं तळावं. रांग पार फार्मसीपर्यंत. म्हातारे लोक, चष्मा घरी विसरलेले, कुणी नंबर चुकीच्या चौकोनात लिहितंय, कुणी जन्मतारखेच्या जागी आजची तारीख. एकाने पान फाडलं. मग मीच म्हटलं, आणा इकडे ओळखपत्रं, मी भरते भराभर, तुम्ही फक्त सही करा आणि अंगठा द्या. लोक खूश. टेबलावरचे आमचे लोक खूश. ‘वा, काय मोत्यासारखं अक्षर!’ आणि मी आणखी मन लावून. अर्हेनिस समोरच बसलेला, त्यांच्या बाजूचा साक्षीदार म्हणून, तो सुद्धा म्हणाला, ‘या पोरीला आमच्याकडे द्या रे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रिसांता आली. एप्रन घालूनच, शाळेतून सरळ.

‘आशीर्वाद दे, मद्रीना! तू पण?’

‘देव तुझं भलं करो. का? माझा हात काय लुळा पडलाय?’

‘तसं नाही गं. शाळेत कळलं म्हणजे?’

‘शाळेत भात करपला तर कळतो. बाकी काही कळत नाही त्यांना.’

अर्हेनिस म्हणाला, ‘क्रिसांताबाई, तुम्ही? त्याच्या पहिल्या निवडणुकीला तुम्ही पातेलं बडवत नाचला होता! मी पाहिलंय.’

‘नाचले होते. मीच बसवला त्याला, मीच सांगेन ऊठ म्हणून.’ आणि तिने एप्रनच्या खिशातून ते छोटं निळं पुस्तक काढलं, राज्यघटनेचं, फेरीवाले विकायचे ना तेव्हा, ते. त्यावर तेलाचे डाग. ‘त्याच्याच पुस्तकात लिहिलंय. अर्धी मुदत झाली की विचारता येतं. मी फक्त विचारतेय. शाळेत दूध का थांबलं ते पण विचारीन, कागदावर जागा असली तर.’

सगळी रांग हसली. अर्हेनिस पण हसला, मला आठवतंय.

मग ती खुर्चीवर बसली, पेन घेतलं आणि म्हणाली, ‘दे, माझी ओळ मीच लिहिते.’

आणि मी काय केलं माहितीये? मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. हसत हसत. म्हटलं, ‘राहू दे मद्रीना, तुझं एकेक अक्षर उठून बसेपर्यंत संध्याकाळ होईल. मागे रांग बघ.’ लोक परत हसले. ती पण हसली, जरा कमी. मी तिचं नाव लिहिलं, नंबर लिहिला, सगळं. सातवी ओळ होती. मग तिने सही केली. तिची सही म्हणजे तेवढी एकच गोष्ट ती झोकात करायची, ‘क्रि’ला मोठं वेटोळं आणि शेवटी शेपटी, शेपटीला परत गाठ. आणि अंगठा. अंगठ्याचा नुसता निळा ठिपका उठला. रेघच नाही. मी परत घेतला, परत ठिपका. तेवीस वर्षं तवा, सगळ्या रेघा भाजून गेलेल्या. ती म्हणाली, ‘बघा, मी चोरी केली तर सापडायचीच नाही.’

हे सगळं मी का सांगतेय ते कळेल. माल्टा दे जरा.

मग फेब्रुवारी, मार्च. निवडणुकीच्या कचेरीने सांगितलं की लाखो सह्या बाजूला काढल्यात. का? तर ओळी एकाच अक्षरातल्या आहेत. म्हणजे कुणीतरी एकाने घरी बसून लिहिल्यात असा संशय. अशा ओळींना त्यांनी नाव दिलं कित्ता. खरंच! लहान पोरं गिरवतात तो कित्ता. टीव्हीवर एक साहेब फॉर्म धरून दाखवत होता, बघा, दहाच्या दहा ओळी एका हातच्या. तो माझा फॉर्म नव्हता, पण मी मनात माझी पानं मोजायला लागले. मी अठरा पानं भरली होती. अठरा! एकशे ऐंशी माणसं, सगळी खरी, सगळी उन्हात उभी राहिलेली, आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरामुळे सगळी खोटी.

टेकडीवर लोक मला काही बोलले नाहीत. फक्त पाट्या लिहून घ्यायचं बंद झालं.

आणि त्यातच ती यादी. सह्या केलेल्यांची सगळी नावं, नंबरांसकट, कुणी बाहेर काढली, कशी काढली देव जाणे, बस स्टँडवर फेरीवाल्यांकडे सीडी मिळायची, नाचाच्या गाण्यांच्या सीड्यांच्या शेजारी. पासपोर्टच्या खिडकीत तुमचा नंबर टाकायचे आणि मान हलवायचे. घरासाठी अर्ज केला, नंबर टाकायचे. आणि शाळेत हेडबाईकडे कॉम्प्युटर होता.

मे महिन्याच्या शेवटी तीन दिवस ठरले. ज्यांच्या सह्या बाजूला काढल्यात त्यांनी टेबलावर येऊन सांगायचं, हो, ही माझीच. किंवा सांगायचं, ही माझी नाही. टेबल या वेळी एका हॉलमध्ये, आणि मी परत आमच्या बाजूची साक्षीदार. मीच हट्ट केला होता. म्हटलं, मी बिघडवलं, मीच एकेकाला आणून निस्तरणार. घरोघर फिरले. लोक येतो म्हणाले, खरंच आले पण पुष्कळ.

त्याच्या आधीच्या गुरुवारी क्रिसांता आमच्या अंगणात आली. मी केळी सोलत होते. तिने दुसरी सुरी घेतली आणि माझ्याबरोबर सोलायला लागली. चार केळी झाली. मग म्हणाली, ‘हेडबाईने बोलावलं होतं.’

‘मिग्दालियाबाईंनी? काय म्हणाल्या?’

‘खुर्ची दिली बसायला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच कळलं मला.’

हेडबाईने तिला पडद्यावर तिचं नाव दाखवलं. म्हणाली, क्रिसांता, तुझ्यासारखी बाई असं करेल यावर माझा विश्वास नाही, कुणीतरी तुझं नाव घातलं असणार. टेबलावर जा, सही माझी नाही म्हणून सांग, शिक्क्याची चिठ्ठी आण. चिठ्ठी आणलीस तर तव्यावर तूच. नाही आणलीस तर माझ्या हातात काही नाही.

मी म्हटलं, ‘तू जाऊच नकोस ना. घरी बस. ओळ आपोआप बाद होईल. हो पण नाही, नाही पण नाही.’

‘तिला चिठ्ठी हवी. घरी बसलेल्याला चिठ्ठी मिळते का?’

‘मद्रीना, पण ते विचारणार. सही तुझी नाही, तर मग ओळ कुणी लिहिली? अक्षर कुणाचं?’

‘नाही विचारणार.’

‘विचारतील! अर्हेनिसच बसलाय समोर. सगळ्या टेकडीला माझं अक्षर माहितीये.’

ती म्हणाली, ‘मग तू त्या टेबलावर बसू नकोस.’

‘माझं नाव गेलंय वर. आणि मी नाही बसले तरी अक्षर तर बसलेलंच आहे ना कागदावर?’

तिने आणखी एक केळं सोलायला घेतलं. आणि मग तिने विचारलं, खाली बघतच, ‘मी आले आणि तसं म्हणाले, तर तू काय करशील?’

आता मी एकोणीसची. मी अशी सरळ बसले बघा, आणि म्हणाले, ‘मी जे पाहिलं तेच सांगीन. सही तू केलीस, माझ्यासमोर.’

तुम्हाला माहितीये ना, मी हरकत घेतली तर ते प्रकरण वर जाणार. चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे नोकरी नाही. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

तिने सुरी पुसून ठेवली. म्हणाली, ‘चुलीवर काहीतरी ठेवून आलेय,’ आणि गेली. चुलीवर काही नव्हतं. तिचं घर समोरच आहे, वास आला असता.

शुक्रवारी आली नाही. शनिवारी आली नाही. मला वाटलं, सुटलो दोघी. रविवारी दुपारी, भर गर्दीत, दारातून ती आली, चर्चचा निळा फ्रॉक घालून. आणि फाटकाबाहेर, झाडाच्या सावलीत, हेडबाई मिग्दालिया उभी, हातात फाइल. तिच्याबरोबर शाळेतल्या आणखी दोघी, एक झाडूवाली आणि एक शिपाईबाई, रांगेत. आपल्या वाट्याची माणसं मोजून आणल्यासारखी.

मला वाटलं होतं की मी गप्प बसेन, कडक चेहरा करीन. आणि ती समोर आल्याबरोबर माझ्या तोंडून गेलंच, ‘आशीर्वाद दे, मद्रीना.’ सवय!

आणि तीही म्हणाली, ‘देव तुझं भलं करो, पोरी.’ लगेच. आणि त्याच श्वासात त्या चष्मेवाल्या अधिकाऱ्याकडे वळून, ‘सातव्या ओळीवरची सही माझी नाही.’

तो अधिकारी शहरातून आलेला, तीन दिवस ऐकून ऐकून कंटाळलेला. पान काढलं. माझं पान. इतकं सुंदर दिसत होतं ते, शपथ, छापल्यासारखं.

‘नाव तुमचं?’

‘माझं.’

‘नंबर?’

‘माझा.’

‘सही?’

‘नाही.’

‘हा अंगठा आहे की शाईचा डाग?’

‘मला काय माहीत.’ तिने अंगठा पर्सच्या पट्ट्याखाली घातला होता. घट्ट.

‘मग हे लिहिलं कुणी? अक्षर ओळखता?’

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मला माहीत होतं ती काय बघतेय, प्रत्येक अक्षराची गोलाई तिनेच घोटून घेतलेली, एकेका पानाला एक आरेपा. मग ती म्हणाली, ‘छान आहे अक्षर. पण ओळखत नाही.’

बघा ना! नोकरीसाठी खोटं बोलायला आली, आणि तिथेही मला वाचवायला अजून एक खोटं बोलली.

पण अर्हेनिस होता ना. तो हसला. ‘साहेब, या टेकडीवर कुत्र्यांनासुद्धा माहितीये हे अक्षर कुणाचं आहे. ही बघा बसलीये तुमच्या शेजारी.’

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘बाई, खरं का? या मुलीचं अक्षर?’

दारात हेडबाई दोन पावलं आत आली होती.

‘हो,’ क्रिसांता म्हणाली. ‘तिचं.’

‘म्हणजे तुमच्या नावाने सही पण हिनेच केली?’

तिने मान हलवली. हो अशी पण नाही, नाही अशी पण नाही, नुसती हलवली. अधिकाऱ्याने हो धरलं.

‘साक्षीदारांना काही म्हणायचंय?’

अर्हेनिसने माझ्याकडे पाहिलं. त्याने नोव्हेंबरात सगळं पाहिलं होतं, ते निळं पुस्तक, तो ठिपका, सगळं. तो म्हणाला, ‘माझं काही नाही.’ आणि मग सगळे माझ्याकडे. माझ्यामागे आमच्या बाजूचे दोघं उभे होते, एकाने मला कोपराने ढोसलं, बोल ना, हरकत घे! मी गुरुवारी काय म्हणाले होते? जे पाहिलं ते सांगीन. ओठांवर होतं. आणि मी तिच्या हाताकडे पाहिलं, पट्ट्याखाली दाबलेल्या त्या अंगठ्याकडे.

म्हटलं, ‘माझं पण काही नाही.’

मागचा ‘च्यायला!’ म्हणाला, जोरात.

संपलं नाही अजून. थांबा. त्या अधिकाऱ्याकडे छापील चिठ्ठ्या संपल्या होत्या, सकाळीच. तो कोरा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, ‘तुम्हीच लिहा निवेदन. तुमचं अक्षर तर फारच प्रसिद्ध दिसतंय.’ लोक हसले. मी लिहिलं. खाली सही करणारी मी, क्रिसांता अमुक अमुक, सांगते की फॉर्मवरची सातव्या ओळीतली सही माझी नसून ती टेबलावरच्या मुलीने केलेली आहे. स्वतःच्या हाताने लिहिलं मी हे. आणि हात बघा कसा, एकसुद्धा अक्षर वाकडं नाही आलं. मला तर रडायचं होतं, पण हात आपला कित्ता गिरवतोय.

‘बाई, इथे सही.’

आणि तिने सही केली. मोठं वेटोळं, शेवटी शेपटी, शेपटीला गाठ.

फॉर्म शेजारीच पडला होता. उघडा. सातव्या ओळीवर तेच वेटोळं, तीच शेपटी, तीच गाठ. अधिकाऱ्याने याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. अर्हेनिसने पाहिलं. मी पाहिलं. तिने पण पाहिलं, आणि तिच्या मानेवर घाम फुटलेला मला दिसला. ती सही आपली नाही हे सांगायला तिने तीच सही केली होती, दुसरी तिला येतच नाही! अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि शिक्का मारला. एक प्रत तिला, एक स्वतःकडे.

‘पुढचं कोण?’ तो म्हणाला.

ती गेली. हेडबाईने दारातच कागद वाचला, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

हो ना, तुम्हाला वाटतंय की चला, निदान नोकरी तरी वाचली. मलाही तेच वाटत होतं. आमच्या बाजूच्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आता आपल्या कुठल्याच कामाला येऊ नकोस. अर्हेनिसच्या लोकांनी त्या निवेदनाची झेरॉक्स काढून हार्डवेअरच्या भिंतीवर चिकटवली, बघा, यांच्या सह्या अशा असतात, आणि पोरगी स्वतःच लिहून देतेय. माझ्याच अक्षरात! लोक वाचायला थांबायचे. इतकं स्वच्छ अक्षर, लांबूनसुद्धा वाचता यायचं. मी म्हटलं, असू दे. मी खोटी झाले तर झाले, ती तव्यावर तर आहे.

जुलैपर्यंत होती. सुट्टी लागली. ऑगस्टमध्ये मतदान झालं, त्या रविवारी नदीत सापोआरा मासा इतका आला होता की अर्धी रांग जाळी घेऊनच मतदानाला आली होती. अध्यक्ष राहिला, तुम्हाला माहीतच आहे. ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो होता तिथेच बसला. मग सप्टेंबरात शाळा उघडली आणि क्रिसांताचं नाव हजेरीवर नाही. तव्यावर दुसरी बाई.

ती हेडबाईकडे गेली. हे मला आईने सांगितलं. म्हणाली, ‘बाई, मी चिठ्ठी आणली होती ना? तुमच्याच फाइलमध्ये आहे.’

हेडबाई म्हणाली, ‘आहे ना. पण वरून यादी येते ती कॉम्प्युटरची, तिच्यात नावं असतात, चिठ्ठ्या नसतात.’ आणि मग काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ‘आणि आपल्या दोघींतलं सांगते क्रिसांता, तू एकदा तरी खोटं बोललीस. नोव्हेंबरात नाही तर मेमध्ये. मुलांच्या स्वयंपाकघरात मी अशी बाई कशी ठेवू?’

जिने तिला पाठवलं, तीच हे म्हणाली. खुर्ची दिली की नाही ते मला माहीत नाही.

आणि आता टेकडीवर अर्धे लोक तिच्याशी बोलत नाहीत, तिने सही मागे घेतली म्हणून. बाकीचे अर्धे बोलत नाहीत, तिने सही केली म्हणून. बस स्टँडच्या कोपऱ्यावर गाडी लावते ती आता, सारण भरून तळलेल्या एम्पानादांची. तुम्ही पाहिली असेल, खाल्लीही असेल. पाटी पाहिलीत का? पुठ्ठ्यावर, काळ्या रंगात. मासा. चीज. काळा घेवडा. एकेक अक्षर एका बाजूला झुकलेलं, एक मोठं एक लहान, शेवटचं तर जागा संपली म्हणून खालीच गेलंय. तिने स्वतः लिहिलीये. एक अख्खी संध्याकाळ ती अंगणात बसून लिहीत होती, मी समोरून माझ्या खिडकीतून बघत होते. मला एक हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिने नाही मारली. आणि मी पण नाही गेले. काय म्हणून जाणार? पेन दे म्हणून?

गेल्या आठवड्यात मात्र गेले. स्टँडवर. रांग होती, सात-आठ जण. मी उभी राहिले. मनात पाठ करत होते काय बोलायचं ते, म्हटलं सांगीन, मला राग नाही, चूक माझी, मी पेन काढून घेतलं त्या दिवशी, तू स्वतः लिहिली असतीस तर ओळ वाकडी आली असती आणि वाकडी होती म्हणून खरी ठरली असती. पण मग तरी काय, नाव यादीत असतंच ना. काही केलं असतं तरी असतंच. हे पण सांगायचं होतं. मग माझा नंबर आला आणि हे सगळं गेलं. एवढंच तोंडातून निघालं,

‘आशीर्वाद दे, मद्रीना.’

तिने वर पाहिलं. ओळखलं, न ओळखायला काय झालं. कढईतून एक एम्पानादा काढली, माशाची, मला तीच आवडते हे तिला कुणी सांगायला नको. कागदात गुंडाळली, वर एक कागद जास्त, हात भाजू नये म्हणून. माझ्या हातात ठेवली.

आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली,

‘पुढचं कोण?’